सिमेंट, पावती आणि आमचे बॅरिस्टर

कायद्याच्या कॉलेजात गेलो तेव्हा माझ्या गावाकडचा एक माणूस तिथल्या पुस्तकांत आधीच हजर होता. अब्दुल रहमान अंतुले. आमदाराला 'लोकसेवक' म्हणायचं का, या प्रश्नावरचा १९८४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या नावाचा. न्यायालयाने आपलीच चूक कबूल करून आपलाच आदेश मागे घेतला, तो १९८८ चा निकालही त्यांच्याच नावाचा. आरोपीला वेळेत खटला संपण्याचा हक्क आहे, हे सविस्तर सांगणारा १९९१ चा निकाल पुन्हा त्यांच्याच नावाचा. तिसऱ्यांदा हे नाव फळ्यावर आलं तेव्हा शेजारच्या बाकावरची नगरची मुलगी म्हणाली, "म्हणजे तो सिमेंटवाला ना?"

मी म्हसळा तालुक्यातला. आमच्याकडे त्यांना कुणी 'तो' म्हणत नाही. आमच्याकडे ते बॅरिस्टर साहेब. सावित्री नदीच्या काठचं आंबेत हे त्यांचं गाव. खाडीपलीकडे म्हाप्रळला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात जायचा पूल गावातली माणसं त्यांच्याच खात्यावर मांडतात. जिल्ह्याचं 'कुलाबा' हे नाव जाऊन 'रायगड' झालं, ते १९८१ साली, त्यांच्याच कारकिर्दीत. आणि आमच्या शेजारची काकी, नवरा ऐन तिशीत गेलेली, तिच्या घरी महिन्याला पोस्टमन यायचा तो संजय गांधी निराधार योजनेचे पैसे घेऊन. ही योजना अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० साली सुरू झाली. काकीच्या लेखी राजकारणातला प्रामाणिकपणा म्हणजे ती मनीऑर्डर. बोलल्याप्रमाणे आली की नाही, एवढाच प्रश्न.

कॉलेजातले अंतुले आणि गावातले अंतुले हे दोन वेगळे इसम असावेत असं मला बरेच दिवस वाटायचं. मग मी जुने निकाल आणि त्या काळाबद्दल जे मिळेल ते वाचायला लागलो. दोघे एकच आहेत हे तर कळलंच, पण उमेदवाराचा प्रामाणिकपणा ओळखायचा कसा, या प्रश्नाबद्दलही त्यातून जे हाती लागलं ते कुठल्याही प्रचारसभेत लागलं नसतं. ते सांगतो. त्यासाठी आधी सिमेंटकडे जावं लागेल.

आज हार्डवेअरच्या दुकानात फोन केला की संध्याकाळी टेम्पो गोण्या टाकून जातो. १९८० साली तसं नव्हतं. सिमेंटचा देशभर तुटवडा होता, भाव सरकारने बांधलेला होता आणि वाटपही सरकारच्या हातात होतं. घर बांधायचं तर परमिट काढायचं. कोकणात भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, त्या उभ्या राहायच्या. पण वरच्या स्लॅबला सिमेंट हवं, आणि ते येईपर्यंत कौलं घालून पावसाळा काढायचा. मुंबईत बिल्डरांचं तसं भागणारं नव्हतं. त्यांचे मजले परमिटावर अडायचे, आणि काळ्या बाजारातला भाव सरकारी भावाच्या कितीतरी वर. अशा वेळी कुणाला किती गोण्या जादा द्यायच्या हे ज्याच्या सहीवर ठरतं, त्याची सही म्हणजे रोकडच.

जून १९८० मध्ये अंतुले मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राला आजवर लाभलेले ते एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. माणूस झपाट्याचा. निर्णय जागेवर घ्यायचे, घोषणा दणक्यात करायचे. लंडनहून भवानी तलवार परत आणू, ही त्यांचीच घोषणा. (ती तलवार तिथे आहे का, यावरच इतिहासकारांचं एकमत नाही, पण घोषणेला तेवढं पुरतं.) त्याच काळात त्यांनी काही ट्रस्ट उभे केले. त्यातला सगळ्यात गाजलेला 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान'. हेतू कलावंत-साहित्यिकांना मदत करण्याचा. देणग्या येऊ लागल्या. साखर कारखान्यांनी दिल्या, आणि बिल्डरांनी दिल्या.

३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला आणि संसदेपर्यंत गदारोळ झाला. त्या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यातली साधी पद्धत. सिमेंट कुणाला मंजूर झालं ही एक यादी. ट्रस्टला देणगी कुणी दिली ही दुसरी यादी. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायच्या, नावं आणि तारखा जुळवायच्या. देणग्या चेकने आलेल्या होत्या. आजच्या भाषेत सांगायचं तर यूपीआयने पैसे घेतले आणि स्क्रीनशॉटही ठेवला. म्हणजे यात लपवालपवी नव्हती, उलट हिशेब होता. आणि म्हणूनच अंतुल्यांच्या बाजूने बोलणारे म्हणायचे, आजही आमच्याकडे म्हणतात, की साहेबांनी स्वतःच्या खिशात काय घातलं? पैसा तर ट्रस्टचा!

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. घरात नोटांच्या गड्ड्या सापडणारा मंत्री ओळखायला अक्कल लागत नाही. इथे पैसा सार्वजनिक ट्रस्टमध्ये, चांगल्या नावाने, पावती देऊन गेला होता. मग अप्रामाणिकपणा नेमका कुठे आहे?

मुंबई उच्च न्यायालयात जनता पक्षाचे प. बा. सामंत वगैरेंनी याचिका केली. ती न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्यापुढे चालली. याच लेंटिनांनी पुढे जे. जे. रुग्णालयातल्या ग्लिसरॉलकांडाची चौकशी केली. १२ जानेवारी १९८२ रोजी त्यांनी निकाल दिला: सिमेंटची मंजुरी आणि देणगी यांचा संबंध आहे, एकाच्या बदल्यात दुसरं झालं आहे. हा फौजदारी निकाल नव्हता, शिक्षा वगैरे त्यात नव्हती. पण मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. गंमत म्हणजे त्यानंतर दीड महिन्यात, फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीस, केंद्र सरकारने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. ज्या सहीला एवढा भाव होता तिचा बाजारच निम्मा उठला.

माझ्या मते गफलत 'खिशात काय घातलं' या प्रश्नातच आहे. सिमेंटची गोणी साहेबांची नव्हती. ती रांगेतल्या कुणाची तरी होती. ती रांग मोडून दुसऱ्याला दिली आणि त्याबद्दल कुठल्याही पुण्यकार्यासाठी का होईना पैसे घेतले, तर ते पुण्य रांगेतल्या माणसाच्या पैशाने झालं. त्या माणसाचं नाव कुठल्याच यादीत नसतं. ना सिमेंटच्या, ना देणगीच्या.

भाजपचे रामदास नायक यांनी केलेला फौजदारी खटला वर्षानुवर्षं चालला. सत्र पातळीवरच्या विशेष न्यायाधीशाकडून तो उच्च न्यायालयात, मग १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी 'तो तिकडे पाठवणं हीच आमची चूक होती' म्हटल्यावर पुन्हा खाली. इतका लांबला की उशीर किती झाला तर न्याय संपतो, यावरच निकाल द्यायची वेळ आली. शिक्षा झाली नाही. हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, कारण आमच्याकडचे लोक तेच सांगतात आणि ते खरं आहे.

आता मतदार. १९८५ साली श्रीवर्धन मतदारसंघाने अंतुल्यांना पुन्हा आमदार केलं. १९८९, १९९१ आणि १९९६ ला कुलाब्याने त्यांना लोकसभेत पाठवलं, २००४ ला पुन्हा एकदा. मधल्या काळात ते केंद्रात आरोग्यमंत्री होते, नंतर अल्पसंख्याक कामकाजमंत्री. मुंबई-पुण्याकडचे माझे मित्र हे ऐकून म्हणतात, "तुमच्या लोकांना भ्रष्टाचाराचं काही वाटत नाही." मला हे वाक्य आळशी वाटतं. आमचे आजोबा रोज पेपर वाचायचे, तोही शेवटच्या पानापर्यंत. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी त्यांनी मत दिलं. त्यांना विचारलेला प्रश्न मुळात वेगळा होता. 'हा माणूस प्रामाणिक आहे का' असं मतपत्रिकेवर लिहिलेलं नसतं. तिथे असतं, यांच्यापैकी कोण? आणि मंत्रालयातल्या यादीत आमच्या बाजूचं नाव कधी नव्हतंच, ते एका माणसाने घातलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्याच्याशी बोललेला शब्द पाळला गेला त्याला तो माणूस खराच वाटणार.

म्हणून मी आता 'प्रामाणिक आहे का' असं विचारत नाही. 'कुणाशी प्रामाणिक आहे' असं विचारतो. आणि त्यानंतरचा प्रश्न: त्याची किंमत कोण भरतंय?

याच मतदारसंघाने त्याआधी तीन दशकं एक अगदी दुसऱ्या टोकाचा खासदार दिला होता. चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी, घर रोह्याचं. आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते कुलाब्यातून लोकसभेवर गेले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं घाटत होतं आणि मुंबईत गोळीबारात माणसं मरत होती, तेव्हा जानेवारी १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा पुढे केला. तो स्वीकारला गेला जुलैमध्ये. लोकसभेत उभं राहून त्यांनी पंतप्रधान नेहरूंवर थेट आरोप केला की हा निर्णय मंत्रिमंडळाला डावलून झाला.

दोघांनीही राजीनामा दिला, एवढं साम्य. पण राजीनाम्याची तारीख वाचायची सवय लावून घेतली तर बरंच काही दिसतं. एकाचा न्यायालयाच्या निकालानंतर. दुसऱ्याचा, कुणीही मागितला नसताना, चालू खुर्चीवरून. एरवी ज्या माणसाचं काहीच पणाला लागलेलं नाही त्याच्या तत्त्वांची परीक्षा घेणार कशी?

देशमुखांचं मला त्याहून आवडतं ते पुढचं. १९५९ साली, मंत्रिपद सोडून तीन वर्षं झाल्यावर, त्यांनी मद्रासमध्ये जाहीर भाषणात मागणी केली की मंत्री आणि बड्या राजकारण्यांविरुद्धच्या तक्रारी तपासायला एक स्वतंत्र, उच्चाधिकारी न्यायाधिकरण नेमा. नेमलंत तर सुरुवातीची सहाएक प्रकरणं मी स्वतः दाखल करतो. नेहरूंनी नकार दिला. त्यांचं म्हणणं, अशाने एकमेकांवर आरोप-प्रत्यारोपांचं आणि संशयाचं वातावरण तयार होईल. प्रकरणं सांगा, नावं सांगा, असा आग्रहही झाला. न्यायाधिकरण नाही तर नावं नाहीत, यावर देशमुख अडून बसले. इथे मला त्यांच्याबद्दल थोडी कुरकुर आहे. तुमच्या सचोटीवर माझा विश्वास आहे, म्हणून तुमच्या मुठीतल्या सहा प्रकरणांवरही ठेवायचा? शौरींच्या लेखात चेक होते. देशमुखांच्या भाषणात फक्त देशमुख होते. सज्जन माणसाचा शब्द हासुद्धा शेवटी शब्दच.

त्या मागणीचं पुढे काय झालं? तुकड्यातुकड्याने, फार उशिरा, थोडंफार झालं. संथानम समिती आली, १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला. लोकायुक्त नेमणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, कायदा १९७१ चा. हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र त्या कायद्यात 'मंत्री' या शब्दाच्या व्याख्येतून मुख्यमंत्री वगळलेला होता! म्हणजे १९८१ मध्ये सिमेंटची तक्रार घेऊन कुणी लोकायुक्ताच्या दारात गेलं असतं तरी ती आत जाऊ शकली नसती. मुख्यमंत्री त्या कक्षेत यायला २०२२ चं विधेयक उजाडावं लागलं, तेही विधानसभेने आधी परवानगी दिली तर.

मधल्या काळात काम केलं ते न्यायालयांनी आणि खटपट्या नागरिकांनी. मे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे. यावर सगळे पक्ष, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, एकत्र आले आणि हा हक्क कापणारा कायदा केला. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातलं हा हक्क कापणारं कलमही रद्द केलं. त्यामुळे आज निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा 'नो युवर कँडिडेट' या अ‍ॅपवर उमेदवाराचं नाव टाकलं की शपथपत्र उघडतं. नमुना २६. रील बघायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ, पण बसमध्ये वाचून होतं.

मी ते कसं वाचतो सांगतो. एकच शपथपत्र वाचून फारसं कळत नाही. पाच वर्षांपूर्वीचं आणि आताचं, दोन्ही उघडायची. मालमत्ता किती वाढली ते बघायचं आणि त्याच कागदावर पाच वर्षांचं आयकर विवरणातलं उत्पन्न असतं, ते त्याशेजारी ठेवायचं. मग जोडीदाराचा रकाना, कारण पुष्कळदा साहेबांपेक्षा बाईसाहेबांची शेती जास्त पिकते. आमच्या किनाऱ्यावर तर जमिनीच्या रकान्यावर थांबायचंच. रस्ता, बंदर, प्रकल्प कुठून जाणार हे जाहीर होण्याच्या आधी कुणी कुठे सात-बारा केला, ते तारखांसह तिथे असतं. गुन्ह्यांच्या रकान्यात कलम वाचायचं, नुसती संख्या मोजायची नाही. जमीन संपादनाविरुद्धच्या मोर्चात दाखल झालेला गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा यांची बेरीज होत नाही. उरण-पनवेलच्या दि. बा. पाटलांसारखी माणसं आंदोलनं करूनच मोठी झाली. जानेवारी १९८४ मध्ये जासईला गोळीबारात पाच शेतकरी मेले, त्या लढ्याचे ते नेते. आजच्या एखाद्या अ‍ॅपने त्यांच्या नावापुढे गुन्ह्यांचा लाल आकडा दाखवला असता आणि आपण अंगठा पुढे सरकवला असता. तेच दि. बा. चार दशकं शेतकरी कामगार पक्षात काढून १९९९ साली शिवसेनेत गेले. पक्ष बदलला म्हणजे माणूस बदलला, हा हिशेब तिकडच्या गावांनी कधी मानला नाही, आणि मलाही तो पटत नाही.

पण मला खरी खटकते ती दुसरीच गोष्ट. समजा १९८० साली नमुना २६ असता. अंतुल्यांनी तो शब्दशः खरा भरला असता, तरी सिमेंट त्यात दिसलं नसतं. पैसा त्यांच्या खात्यात नव्हता, बायकामुलांच्या नव्हता. ट्रस्टला देणगी कुणी दिली, हा रकानाच त्या कागदावर नाही. आजही नाही. आपल्या जिल्ह्यात कोणत्या नेत्याचं शिक्षणमंडळ आहे, कुणाचं क्रीडा प्रतिष्ठान, कुणाचा महोत्सव, हे तुम्हाला माहीत असतं. त्याचे प्रायोजक फ्लेक्सवर छापलेले असतात. ही झाली एक यादी, चौकात टांगलेली. दुसरी यादी, म्हणजे ठेके, परवानग्या, भूखंड, ती सरकारी संकेतस्थळांवर आणि माहिती अधिकाराच्या अर्जात असते. १९८१ मध्ये त्या शेजारी ठेवायला शौरी लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले आणि मार्चमध्ये स्टेट बँकेला रोख्यांचे क्रमांक द्यावे लागले, तेव्हा तुमच्याच वयाच्या मुलामुलींनी लॅपटॉपवर दोन याद्या जुळवत रात्री काढल्या. पद्धत तीच. फक्त चेकच्या जागी रोखे.

नावं जुळवताना जरा जपून, एवढं रायगडचा माणूस म्हणून सांगतो. २०१४ ला आमच्या लोकसभेत सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि अनंत गीते आले. त्या निवडणुकीत सुनील तटकरे नावाचाच एक अपक्षही उभा होता. त्याला मतं पडली ९,८४९. पुढच्याच वर्षी आयोगाने मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो लावायचं ठरवलं.

फोटोने माणूस ओळखता येतो. शपथपत्र खरं आहे का, हे तपासायला मात्र कुणी बसलेलं नाही. निवडणूक अधिकारी ते दाखल करून घेतो, रकाने रिकामे नाहीत ना एवढं बघतो. खोटं सापडलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२५-अ आहे. जास्तीत जास्त सहा महिने कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि सर्वसाधारण गुन्ह्यात आमदारकी-खासदारकी जाते ती दोन वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली तरच. ज्या थोड्या गुन्ह्यांत कमी शिक्षेलाही अपात्रता येते, त्यांची यादी कलम ८ मध्ये आहे. १२५-अ त्या यादीत नाही. ते घालावं आणि शिक्षा वाढवावी, असं निवडणूक आयोग सरकारला अनेकदा कळवून चुकला आहे.